हिरोशिमा: पेठेच्या जागी उभं असलेलं उद्यान कसं पाहावं

जपानमध्ये नोकरीला आल्यापासून माझ्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा एक प्रश्न हमखास विचारतो: हिरोशिमाला जायचं का, आणि गेलं तर तिथे काय बघायचं? आई-बाबा, मावशी, नाशिकचा शाळामित्र, सहकाऱ्याचं कुटुंब अशा बऱ्याच जणांना मी तिथे घेऊन गेलो आहे. सुरुवातीला माझ्या हातून चुका झाल्या. मी लोकांना दमवलं, घाईत फिरवलं, एकदा तर लहान मुलीला नको त्या दालनात नेलं. तुम्ही पहिल्यांदा जाताना त्या टळाव्यात म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

जायच्या आधी एक गोष्ट मनाशी घट्ट धरा. ‘शांती स्मारक उद्यान’ म्हटलं की हिरवळ, झाडं आणि मधूनमधून पुतळे असं चित्र डोळ्यांपुढे येतं. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळपर्यंत तिथे उद्यान नव्हतं. दोन नद्यांच्या बेचक्यातली ती नाकाजिमा नावाची गजबजलेली वस्ती होती. किमोनोची दुकानं, खानावळी, देवळं, थिएटर, वैद्यांचे दवाखाने, गल्लीबोळ. पुण्यातल्या एखाद्या जुन्या पेठेसारखी. सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी बाँब फुटला, तो तिथून हाकेच्या अंतरावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर. पेठ त्या दिवशी संपली. १९४५ सरेपर्यंत शहरातली सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. पुढे त्या जागेवर पुन्हा घरं बांधायची नाहीत असं ठरलं, केन्झो तांगे या वास्तुकाराने आराखडा केला आणि जवळपास १२ हेक्टरांचं हे उद्यान झालं. म्हणजे तुम्ही ज्या गवतावर चालाल त्याच्या खाली कोणाचं तरी स्वयंपाकघर आहे. हे लक्षात असलं की कसं वागावं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

कधी जावं

६ ऑगस्टला जावं, असं अनेकांना वाटतं. पहिल्या भेटीसाठी तो दिवस निवडू नका, असंच मी सांगेन. त्या सकाळी स्मरणसोहळा असतो, पहाटेपासून उद्यानाच्या प्रवेशावर निर्बंध असतात, सामानाची तपासणी होते. हॉटेलं कित्येक महिने आधी भरलेली असतात आणि उकाडा असा की साठीच्या माणसाला उभं राहणं कठीण. मृतांचे नातेवाईक त्या दिवशी आपल्या माणसांसाठी आलेले असतात. ती गर्दी त्यांची आहे. संध्याकाळी मोतोयासु नदीत कागदी कंदील सोडतात, ते पाहण्यासारखं खरंच आहे, पण दुसऱ्या भेटीसाठी राखून ठेवा.

नोव्हेंबर उत्तम. मार्चअखेर आणि एप्रिलचा पहिला आठवडाही चांगला; तेव्हा नदीकाठी चेरी फुललेली असते आणि स्थानिक कुटुंबं झाडांखाली निळ्या ताडपत्र्या अंथरून डबे खात बसतात. माझ्या मित्राला ते खटकलं होतं. मला नाही खटकत. त्या काठावर पुन्हा माणसं पोरंबाळं घेऊन जेवायला बसली आहेत, हे मला दरवेळी बरं वाटतं. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा असतो, छत्री जवळ ठेवा. संग्रहालय ३० आणि ३१ डिसेंबरला आणि फेब्रुवारीच्या मध्यात काही दिवस बंद असतं, तेवढं तिकीट काढण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

मुक्काम की एका दिवसात परत?

ओसाकाहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, दीड तासाच्या आत हिरोशिमा येतं, तोक्योहून चार तास लागतात. ओसाका-क्योतोहून सकाळी निघून रात्री परतणं शक्य आहे, बहुतेक पर्यटक तेच करतात. दुपारी मियाजिमा बेटावरचं पाण्यातलं लाल तोरणद्वारही उरकतात. ‘उरकतात’ हा शब्द मुद्दाम वापरला. संग्रहालयातून बाहेर पडलेल्या माणसाला लगेच बोटीत बसवून हरणांचे फोटो काढायला नेणं मी दोनदा केलं आणि दोन्ही वेळा सगळे मुके होऊन बसले होते. मियाजिमा सुंदर आहे, त्याला दुसरा दिवस द्या.

आदल्या संध्याकाळी हिरोशिमात पोचा, रात्री झोपा, सकाळी लवकर उद्यानात जा. सारा फरक या एका रात्रीने पडतो. वाटेत ओकायामा स्टेशन लागेल. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या शहराच्या मैत्रीतून आणि ज्या बागेच्या धर्तीवर उभं राहिलं, ते हे ओकायामा. पुणेकर पाहुण्यांना मी हे आवर्जून दाखवतो, खिडकीतून का होईना.

स्टेशनपासून उद्यानापर्यंत

हिरोशिमा स्टेशनवरून २ किंवा ६ क्रमांकाची ट्रॅम घ्या आणि ‘गेनबाकू डोम-माए’ या थांब्यावर उतरा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. २०२५ च्या ऑगस्टपासून ट्रॅम थेट स्टेशनच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर येते, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून खाली रस्त्यावर शोधत बसू नका. भाडं उतरताना द्यायचं. ओसाका-तोक्योतलं प्रवासाचं कार्ड चालतं, नसेल तर सुटी नाणी तयार ठेवा. जपान रेल्वेचा पास असेल तर स्टेशनवरून सुटणारी पर्यटकांची फेरी-बस त्यावर चालते, ती उद्यानाच्या दक्षिण टोकाला सोडते. मोठ्या बॅगा हॉटेलवर किंवा स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवून या.

मी मात्र ट्रॅमच घ्या म्हणेन. बाँब पडल्यानंतर तिसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, या शहराने रुळांच्या एका तुकड्यावर ट्रॅम पुन्हा चालवली. तरुण पुरुष युद्धावर गेलेले असल्याने तेव्हा शाळकरी वयाच्या मुलीही ट्रॅमवर काम करत होत्या. त्या स्फोटात सापडलेल्या गाड्यांपैकी ६५१ आणि ६५२ या क्रमांकांच्या ट्रॅम दुरुस्त होऊन अजून शहरात धावतात. रस्त्यात दिसली तर क्रमांक वाचा.

सकाळचे सव्वाआठ

आता प्रत्यक्ष क्रम. बहुतेक मार्गदर्शक बाँबमधून अर्धवट उभी राहिलेली घुमटाची इमारत पाहून उद्यान फिरत फिरत शेवटी संग्रहालयात जा म्हणतात. मीही आधी तसंच न्यायचो. संग्रहालयाशी पोचेपर्यंत अकरा-साडेअकरा वाजायचे, शाळांच्या सहली आणि परदेशी पर्यटक यांची ही गर्दी, पाय दुखायला लागलेले. २०२४-२५ या वर्षात तिथे २० लाखांहून जास्त लोक आले, म्हणजे गर्दीचा अंदाज करा. शिवाय बाहेरची स्मारकं आधी पाहिली तर ती नुसते दगड वाटतात. संग्रहालय पाहून आलं की तेच दगड बोलायला लागतात. म्हणून आता मी क्रम उलटा केला आहे.

आठच्या सुमाराला ट्रॅममधून उतरा. समोरच घुमटाचं ते उघडं लोखंडी डोकं दिसेल. आता तिथे थांबू नका, नुसती नजर टाका आणि आइओइ पुलावरून पलीकडे जा. हा पूल वरून इंग्रजी टी अक्षरासारखा दिसतो. विमानातून नेम धरायला सोपी म्हणून हीच खूण निवडली होती. पुलाच्या मधल्या फाट्यावरून उद्यानाच्या उत्तर टोकाला उतरलं की वीस-एक मीटर उंचीचा, पिळलेल्या खांबांचा घड्याळाचा मनोरा आहे. रोज सकाळी ८:१५ ला तो वाजतो. कोणतीही घोषणा नसते, कोणी रांगेत उभं करत नाही. सायकलवरून ऑफिसला जाणारे जातच असतात, काही थांबून मान लववतात. तुम्हीही मिनिटभर थांबा.

मग वाटेत कुठेही न रेंगाळता सरळ दक्षिणेकडे चालत जा. दहा मिनिटांत संग्रहालय येतं.

संग्रहालय

ते सकाळी साडेसातला उघडतं आणि ऋतुमानाप्रमाणे संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान बंद होतं. पहिल्या तासात आणि शेवटच्या दीड तासात जायचं तर ऑनलाइन आगाऊ वेळ घ्यावी लागते. साडेआठनंतर खिडकीवर तिकीट मिळतं. मोठ्यांना २०० येन, म्हणजे आपले सव्वाशे रुपयेसुद्धा नाहीत. लहान मुलांना आणि आपल्या नववीपर्यंतच्या वयाच्या विद्यार्थ्यांना फुकट. ऑडिओ मार्गदर्शक भाड्याने मिळतो. इंग्रजी पाट्या चांगल्या आहेत, त्यामुळे तो नसला तरी अडत नाही. पण सोबत इंग्रजी न वाचणारे आई-वडील असतील तर एक करा. प्रत्येक पाटीचं भाषांतर करू नका. दहा वस्तू निवडा, त्यांच्यापुढे थांबून हळू आवाजात गोष्ट सांगा. आतली शांतता जपानी लोक अगदी जपतात.

पूर्व इमारतीतून सरकत्या जिन्याने वर गेलं की आधी शहराचं एक मोठं वर्तुळाकार चित्र दिसतं: नद्या, घरं, पूल. बघता बघता त्यावर बाँब फुटतो आणि शहर पुसलं जातं. तिथून मुख्य इमारतीत जायचं. २०१९ मध्ये तिची मांडणी नव्याने झाली. अंधार जास्त, शब्द कमी, आणि वस्तू ज्याची होती त्याचं नाव-वय-फोटो शक्य तिथे शेजारीच.

मी तुम्हाला सगळं सांगत नाही. तीन गोष्टी मात्र चुकवू नका. पहिली, शाळकरी मुलांचे फाटके, जळके गणवेश. त्या सकाळी बारा-तेरा वर्षांची हजारो मुलंमुली घरं पाडून, आग पसरू नये म्हणून मोकळे पट्टे करायच्या कामावर लावलेली होती, उघड्यावर. त्यातली सुमारे सहा हजार गेली. दुसरी, जेवणाचा डबा. आईने सकाळी भरून दिलेला, आतलं अन्न कोळसा झालेलं. शाळेत डबा घेऊन गेलेल्या आणि मुलांना डबा भरून दिलेल्या प्रत्येक माणसाला तो डबा ओळखीचा वाटतो. तिसरी, तीन वर्षांच्या मुलाची तीनचाकी सायकल. वडिलांनी मुलाला परसात पुरलं तेव्हा एकटा राहू नये म्हणून सायकल सोबत पुरली. चाळीस वर्षांनी, १९८५ मध्ये, अवशेष काढून रीतसर दफन केलं आणि सायकल संग्रहालयाला दिली.

याशिवाय दगडी पायरीवर उमटलेली माणसाची सावली आहे, काळ्या पावसाचे ओघळ पडलेली भिंत आहे, सव्वाआठला थांबलेलं घड्याळ आहे. फोटोंना बहुतेक ठिकाणी परवानगी आहे, फ्लॅश नाही, आणि मनाई असेल तिथे तशी खूण असते. मी आत मोबाईल काढत नाही. सेल्फी तर कृपा करून नकोच.

लहान मुलांचा प्रश्न मोठा आहे. मी सहकाऱ्याच्या सहा वर्षांच्या मुलीला आत नेलं आणि ती कित्येक रात्री नीट झोपली नाही, हे नंतर कळलं. तिच्या आईला आधी सांगायला हवं होतं. भाजलेल्या माणसांचे फोटो आणि वाचलेल्यांनी स्वतः काढलेली चित्रं फार बोचरी आहेत. माझ्या मते दहा वर्षांखालच्या मुलांना मुख्य इमारतीत नेऊ नये. आई-बाबांनी आळीपाळीने आत जावं, मुलं बाहेर सादाको या मुलीच्या स्मारकाशी रमतात. दहा-बाराच्या पुढच्या मुलांना नेताना आदल्या रात्री थोडं सांगून ठेवा.

मुख्य इमारतीतून बाहेर पडलं की काचेची लांब मार्गिका येते. समोर सगळं उद्यान, कमान, ज्योत आणि पार टोकाला घुमट एका रेषेत दिसतात. तिथे बाकं आहेत. बसा. वह्या ठेवलेल्या असतात, जगभरातले लोक त्यात आपल्या भाषेत चार ओळी लिहितात. मराठीत लिहा. आईने तिथे काय लिहिलं ते तिने मला दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही. खाली उतरल्यावर एक घड्याळ आहे. हिरोशिमापासून किती दिवस झाले आणि जगातल्या शेवटच्या अणुचाचणीपासून किती, असे दोन आकडे त्यावर असतात. बाकीची दालनं अण्वस्त्रांच्या इतिहासाची. दमला असाल तर ती भरभर पाहिलीत तरी चालेल.

बाँबमधून वाचलेल्यांना जपानीत ‘हिबाकुशा’ म्हणतात. नोंद असलेल्या हिबाकुशांची संख्या २०२५ मध्ये पहिल्यांदा एक लाखाच्या आत आली आणि सरासरी वय ८६ च्या पुढे गेलं. त्यांच्या ‘निहोन हिदानक्यो’ या संघटनेला २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं. त्यांच्या आठवणी शिकून घेऊन सांगणारे वारसदार शहराने तयार केले आहेत. संग्रहालयात त्यांची इंग्रजी भाषणंही होतात, फुकट. त्या दिवशीची वेळ खिडकीवर विचारा. तासभर गेला तरी तो संग्रहालयाच्या दुप्पट राहतो मनात.

गवताखालची गल्ली

बाहेर पडलं की साधारण अकरा वाजलेले असतात. आता हळूहळू उत्तरेकडे परत चाला. पहिली जागा अगदी जवळ, पूर्व इमारतीच्या उत्तरेला, आणि नव्वद टक्के लोक तिच्या बाजूने न पाहता निघून जातात. २०२२ मध्ये उघडलेली एक छोटी, साधी, एकमजली इमारत. आत जमिनीत काचेखाली उत्खनन केलेली नाकाजिमाची गल्ली आहे: रस्त्याची कड, घराचा पाया, कोळसा झालेली तातामी चटई. प्रवेश फुकट. सुरुवातीला पेठेबद्दल लिहिलं ना, ते इथे डोळ्यांना दिसतं. मी हल्ली पाहुण्यांना कमानीआधी इथे आणतो.

शेजारीच ‘आओगिरी’ची झाडं आहेत. स्फोटकेंद्रापासून सव्वा किलोमीटरवर ती उभी होती, एका अंगाने जळाली, पुढच्या वसंतात फुटली, नंतर इथे आणून लावली. खोडाची पोखरलेली बाजू पाहा. आणि झाडांचा विषय निघाला म्हणून: हिरोशिमा शहराचं फूल कण्हेर आहे. आपल्या महामार्गांच्या दुभाजकांवर फुललेली असते तीच. इथे आता वर्षानुवर्षं गवतसुद्धा उगवणार नाही असं लोक म्हणत होते, तेव्हा त्या राखेत आधी फुललेल्या फुलांत ती होती. जुलै-ऑगस्टमध्ये शहरभर दिसते.

कमान, ज्योत, आणि एक वाक्य

मधोमध घोड्याच्या खोगिरासारखी दगडी कमान आहे. जुन्या जपानी घराच्या छपराचा तो आकार: मृतांच्या आत्म्यांना ऊनपावसातून आडोसा. खाली दगडी पेटीत मृतांच्या नावांच्या वह्या आहेत. दरवर्षी ६ ऑगस्टला त्या वर्षात गेलेल्या हिबाकुशांची नावं जोडली जातात, आता ती ३ लाख ४० हजारांच्या पुढे गेली आहेत.

इथे कसं वागायचं? एक छोटी रांग असते. आपली पाळी आली की पुढे व्हा, हात जोडा, मान लववा, बाजूला व्हा. जपानी लोकही हात जोडतात, अगदी आपल्यासारखे. फुलं आणली असतील तर ठेवा. हळद-कुंकू, नारळ, उदबत्तीचा पुडा असलं काही इथे नको. टोपी काढली तर बरं दिसतं. फोटो काढायचा तर बाजूने, हात जोडलेल्या माणसाच्या तोंडावर कॅमेरा धरून नाही.

दगडावर जपानीत एक वाक्य कोरलेलं आहे. मराठीत सांगायचं तर: ‘शांत झोपा, चूक पुन्हा होणार नाही.’ कोणाची चूक? जपानी वाक्यात कर्ता नाही. इंग्रजीत सांगताना अडचण होते, मराठीत नाही. आपल्यालाही ‘चूक होणार नाही’ म्हणून कर्ता गाळता येतो. पण त्यावरून मोठा वाद झाला. जपानी नेत्यांवर युद्धगुन्ह्यांसाठी चाललेल्या तोक्यो खटल्यातले भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल १९५२ मध्ये इथे आले तेव्हा त्यांनीच विचारलं होतं की बाँब टाकणारे जपानी नव्हते, मग ही कोणाची चूक? कर्ता म्हणजे सगळी माणूसजात, असं शहर सांगतं. मला पाल यांचा प्रश्नही रास्त वाटतो आणि शहराचं उत्तरही. आई-बाबांना हा वाद सांगितला तेव्हा ते कमानीपुढे अर्धा तास त्याबद्दल बोलत होते. तुम्हीही सोबतच्यांना विचारून पाहा.

कमानीमागे पाणी आणि त्यापलीकडे ज्योत. १ ऑगस्ट १९६४ ला पेटवली. जगातली सगळी अण्वस्त्रं जातील तेव्हाच विझवायची, असं ठरलेलं आहे.

पूर्वेला जमिनीखाली राष्ट्रीय स्मृतिभवन आहे, फुकट, आणि बहुतेक वेळा शांत. उताराने गोल खाली जायचं, तळाशी गोल खोली. भिंतीवर स्फोटकेंद्रावरून दिसणारं उद्ध्वस्त शहर १ लाख ४० हजार छोट्या फरशांनी चितारलंय, १९४५ अखेरपर्यंत गेलेल्या माणसांच्या संख्येइतक्या. मधोमध पाणी. संग्रहालयातून आलेल्या मनाला जी जागा हवी असते ती ही. पाय दुखत असतील तर इथेच बसा.

पाणी

तुमच्या लक्षात येईल, या उद्यानात जिकडेतिकडे पाणी आहे. त्याचं कारण साधं आणि भयंकर आहे. भाजलेली माणसं ‘मिझू, मिझू’ म्हणत, म्हणजे पाणी मागत, नद्यांकडे धावली आणि तिथेच गेली. पाणी दिलं तर मरतील, या समजुतीने अनेकांनी त्यांना पाणी दिलं नाही, आणि ज्यांनी नाही दिलं ते जन्मभर तळमळत राहिले. म्हणून इथल्या स्मारकांवर लोक पाणी वाहतात. काही दगडांपाशी झाकण उघडलेल्या बाटल्या दिसतील, तो कचरा नाही, हलवू नका.

उद्यानाच्या वायव्येला गवताचा एक गोल ढिगारा आहे. साधासा, वर दगडी टोक. त्याखाली ओळख न पटलेल्या सुमारे ७० हजार लोकांची राख आहे. घरंच्या घरं गेली, न्यायला कोणी उरलं नाही. मोठ्या कमानीपुढे गर्दी असते, इथे नसते. माझी आई इथे थांबली. हे कोण, म्हणून तिने विचारलं, मी सांगितलं. तिने पिशवीतली बाटली काढली, ओंजळभर पाणी हळूच गवताच्या कडेला सोडलं आणि म्हणाली, ‘शेवटी कोणी तोंडात घातलं नाही ना यांच्या.’ तुम्ही बाकी काही गाळलंत तरी हा ढिगारा गाळू नका.

जवळच कासवाच्या पाठीवर उभं असलेलं कोरियन मृतांचं स्मारक आहे. तेव्हा कोरिया जपानच्या ताब्यात होता आणि हजारो कोरियन या शहरात राबत होते. त्यांचं स्मारक १९७० मध्ये उभारलं ते उद्यानाच्या बाहेर, आत यायला १९९९ उजाडलं. मरणानंतरही वेशीबाहेर ठेवणं काय असतं, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

सादाको आणि कागदाचे क्रौंच

आपल्याकडे अनेक शाळांत हिरोशिमा दिनाला मुलं कागदी पक्षी करतात, ती ही सादाको सासाकी. बाँब पडला तेव्हा दोन वर्षांची, वरवर धडधाकट. अकरा-बाराव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला आणि २५ ऑक्टोबर १९५५ ला ती गेली. हजार क्रौंच घडले की इच्छा पुरी होते या समजुतीने, बरं व्हावं म्हणून औषधांच्या वेष्टणांचेसुद्धा क्रौंच घडत होती. तिच्या वर्गमित्रांनी सुरू केलेल्या मोहिमेत देशभरातल्या शाळकरी मुलांनी पैसे जमवले आणि ५ मे १९५८ ला, जपानच्या बालदिनी, हे स्मारक उभं राहिलं. वर हात उंचावलेली मुलगी, डोक्यावर क्रौंच. खालची घंटा दोरी ओढून वाजवता येते.

इथे काहीतरी नेऊ शकता. घरी असतानाच पंधरा सेंटिमीटरचे चौकोनी घोटीव कागद घ्या आणि मुलांसोबत क्रौंच घडा. हजारच हवेत असं नाही. पन्नास-शंभर झाले की सुईदोऱ्यात ओवा, टोकाला मणी किंवा जाड गाठ मारा म्हणजे निसटत नाहीत, आणि प्रवासात चुरगळू नयेत म्हणून ताठ डब्यात ठेवा. स्मारकामागच्या काचेच्या कप्प्यांत स्वतः नेऊन अडकवता येतात. वर्षाला जवळपास एक कोटी क्रौंच इथे येतात. दोऱ्याला शाळेचं किंवा गावाचं नाव देवनागरीत लिहिलेली चिठ्ठी बांधा. मी तिथे मराठी चिठ्ठी एकदाच पाहिली आणि बराच वेळ तिच्यापुढे उभा राहिलो.

तिथून जवळ पुलाच्या तोंडाशी विश्रांतीगृह आहे: स्वच्छतागृह, बाकं, चहा-कॉफी. इमारत १९२९ ची, मुळात किमोनोचं दुकान. बाँब पडला तेव्हा तिथे काम करणाऱ्यांपैकी एक माणूस कागद आणायला तळघरात गेला होता, तो वाचला. ते तळघर पाहता येतं.

जेवण

स्मारकांच्या आसपास डबा उघडू नका; नदीकाठच्या बाकांवर चालतं. शाकाहारी असाल तर दशम्या, ठेपले, चटणी सोबत असू द्या. हिरोशिमाचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे ओकोनोमियाकी, धिरड्यासारखा पण आत कोबी आणि नूडल्सचा थर. त्यात डुकराचं मांस आणि अंडं असतंच, आणि सॉसमध्ये व वर भुरभुरलेल्या तुकड्यांत मासळी. ‘निकु नाशि’ म्हटलं की मांस घालत नाहीत, पण काटेकोर शाकाहारींनी यावर विसंबू नये. स्टेशन आणि होंदोरी बाजारात भारतीय हॉटेलं सापडतात. काटेकोर पाहुण्यांना मी तिथेच नेतो.

शेवटी घुमट

जेवून परत या आणि आता घुमटाजवळ जा. १९१५ मध्ये यान लेत्झेल या चेक वास्तुकाराने बांधलेली ही औद्योगिक प्रदर्शनाची इमारत. स्फोट जवळजवळ डोक्यावर झाल्याने भिंती आडव्या न कोसळता काही उभ्या राहिल्या. पाडावी की ठेवावी यावर शहरात वर्षानुवर्षं वाद चालला, पाहवत नाही म्हणणारेही बरेच होते. १९९६ पासून ती जागतिक वारसा आहे. आत जाता येत नाही, कुंपणाभोवती फेरी मारा.

तिथून पूर्वेला एक गल्ली सोडून शिमा नावाचा दवाखाना आहे. त्याच्या भिंतीशी एक लहान फलक: बाँब बरोबर याच्या वर फुटला. तेव्हाही तिथे याच नावाचं रुग्णालय होतं. आजूबाजूला पार्किंग आणि ऑफिसं. रुग्ण ये-जा करत असतात, त्यामुळे घोळक्याने दारात उभं राहू नका.

नदीकाठी महात्मा गांधींचा अर्धपुतळाही आहे, २०२३ च्या मे महिन्यात बसवलेला. भारतीय पाहुणे तिथे फोटो काढतात, काढा.

मग पुन्हा मोतोयासुच्या काठी या. पाण्यात उतरणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्या आहेत, आपल्या घाटासारख्या. नदी भरती-ओहोटीची आहे. ओहोटी असेल तर खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, शेवाळलेल्या असतात, जपून उतरा. समोर घुमट, मागून ट्रॅमचा आवाज. परतीची ट्रॅम दर काही मिनिटांनी आहे. संध्याकाळी दिवे लागेपर्यंत मी तिथे बसतो. तुमची गाडी नसेल तर तुम्हीही बसा.